टॅप एकच, दर निराळे

कार्डाला बॅटरी नसते. तरीही ते मशीनजवळ नेलं की त्यातली चिप जागी होते, मशीनशी बोलते, आकडेमोड करते आणि पुन्हा निपचित पडते. या सगळ्याला अर्धा सेकंदही पुरतो. चिपला लागणारी वीज मशीनच पुरवतं. मशीनच्या आत तारेचं एक वेटोळं असतं आणि त्यातून सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार आवर्तनं घेणारा प्रवाह खेळत असतो. तांत्रिक भाषेत १३.५६ मेगाहर्ट्झ. कार्डाच्या प्लास्टिकमध्येही तसंच एक बारीक वेटोळं दडवलेलं असतं. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात तार असली की तिच्यात वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवलं होतं. दहावीच्या विज्ञानात आपण ते पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. कार्डावर एकामागे एक चार कमानी काढलेली खूण दिसली, तर त्या कार्डात हे वेटोळं आहे असं समजावं.

मशीनचं हे क्षेत्र चार-पाच सेंटीमीटरच्या पुढे झपाट्यानं क्षीण होतं. म्हणून कार्ड अगदी टेकवावं लागतं आणि घाईत ‘परत लावा, लागलं नाही’ असं ऐकावं लागतं. अंतर इतकं तोकडं ठेवण्यामागे हेतू आहे: शेजारच्या रांगेतल्या माणसाच्या कार्डावरून आपल्या किराण्याचे पैसे जाऊ नयेत.

आता संभाषण. चिप जागी झाल्यावर मशीन तिला ‘२पे.सिस.डीडीएफ०१’ नावाची यादी मागतं. जगातल्या जवळपास प्रत्येक टॅपची सुरुवात या रुक्ष नावानं होते. चिप उत्तर देते, ‘माझ्याकडे रुपे आहे’ किंवा ‘व्हिसा आहे’. मग मशीन तिला बिलाची रक्कम, चलन, तारीख आणि त्या क्षणी तयार केलेली एक स्वैर संख्या पाठवतं. चिपकडे स्वतःची एक गुप्त किल्ली असते आणि आजवर किती व्यवहार झाले याची मोजदाद असते. मशीनची माहिती, ही मोजदाद आणि किल्ली यांच्या मिश्रणातून ती एक सांकेतिक आकडा काढून देते. हा आकडा त्या एका व्यवहारापुरताच चालतो. किल्ली चिपच्या बाहेर कधीच येत नाही. मशीन तो आकडा बँकेकडे धाडतं, बँक आपल्याकडच्या किल्लीनं तोच हिशेब करून पाहते, आणि उत्तर जुळलं तरच होकार देते. कोणी हवेतून हा संवाद चोरून टिपला, तरी दुसऱ्या दिवशी त्याचा उपयोग शून्य, कारण मोजदाद पुढे सरकलेली असते आणि मशीन नवी स्वैर संख्या देतं. कार्डामागचा तीन आकडी क्रमांक या बोलण्यात कुठेच उच्चारला जात नाही.

मोबाइल हे सगळं करतो कार्डाची बतावणी करून. मशीनला समोर कार्ड आहे की फोन, याचं फारसं सोयरसुतक नसतं. फोनमधली ही सोय एनएफसी या नावानं ओळखली जाते. नोकिया, फिलिप्स आणि सोनी यांनी २००४ मध्ये तिच्यासाठी एक मंडळ स्थापन केलं, पण दुकानात फोन टेकवण्याची सवय लागायला दहा वर्षं गेली. गुगलनं २०११ मध्ये आपलं वॉलेट आणलं, तेव्हा गुप्त किल्ली ठेवण्याच्या फोनमधल्या तिजोरीवर कोणाचा ताबा, यावरून मोबाइल कंपन्यांशी ओढाताण झाली. २०१३ मध्ये अँड्रॉइडनं तिजोरीशिवाय, निव्वळ सॉफ्टवेअरनं कार्डाची बतावणी करण्याची मुभा दिली. ॲपलनं ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेत ॲपल पे सुरू केलं, तेव्हा तिजोरी स्वतःच्याच फोनमध्ये आणि स्वतःच्याच ताब्यात ठेवली. पुढे युरोपीय आयोगानं यावरूनच ॲपलला धारेवर धरलं आणि २०२४ मध्ये एनएफसीची सोय इतरांना खुली करण्याचं वचन घेतलं.

फोनचा खरा फायदा मात्र दुसराच आहे. प्लास्टिकचं कार्ड टेकवलं की मशीनला कार्डाचा सोळा आकडी क्रमांक कळतो. फोन तो क्रमांक देतच नाही. त्याच्या जागी टोकन म्हणून एक वेगळाच क्रमांक देतो, जो त्याच फोनमधून आलेल्या त्या सांकेतिक आकड्यासोबतच चालतो. टोकनमागे कोणतं कार्ड आहे, हे फक्त कार्ड नेटवर्कच्या नोंदवहीत असतं. दुकानाच्या संगणकावर दरोडा पडला तरी चोराच्या हाती टोकनांची रद्दी लागते. रिझर्व्ह बँकेनं टोकनला जानेवारी २०१९ मध्ये परवानगी दिली, आणि ऑक्टोबर २०२२ पासून तर ऑनलाइन दुकानांना ग्राहकांचे कार्ड क्रमांक साठवून ठेवण्याचीच बंदी झाली.

गर्दीत कोणी खिशाला मशीन लावून पैसे काढून नेईल, ही भीती व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरते. तसं करायला चोराकडे बँकेनं ओळख-पाळख तपासून दिलेलं मशीन लागेल आणि चोरीचे पैसे त्याच्याच नावच्या खात्यात जमा होतील. असा चोर विरळा. शिवाय पिन न विचारता टॅपवर जास्तीत जास्त ५,००० रुपये जातात. २०१५ मध्ये ही मर्यादा २,००० होती, जानेवारी २०२१ पासून वाढली. हवं तर बँकेच्या ॲपमधून टॅपची सोयच बंद ठेवता येते.

मेट्रोच्या दारात अर्धा सेकंदही जास्त वाटतो. बँकेचा होकार येईपर्यंत दार थांबलं तर दादरसारखी गर्दी स्टेशनभर तुंबेल. म्हणून २०१९ मध्ये आलेल्या राष्ट्रीय कॉमन मोबिलिटी कार्डात थोडी रक्कम चिपमध्येच साठवलेली असते आणि दार बँकेला न विचारता तिच्यातून भाडं वजा करतं. पुणे आणि मुंबईच्या मेट्रोंत हीच पद्धत आहे. दुकानात मात्र बँकेला विचारल्याशिवाय पान हलत नाही, आणि खर्चाची गोष्ट तिथूनच सुरू होते.

समजा, दिवाळीच्या किराण्याचं बिल ४,००० रुपये झालं. दुकानदाराला शंभरामागे दहा रुपये सुटतात असं धरू, म्हणजे या बिलात त्याचे ४०० रुपये. ग्राहक फोन टेकवतो, मशीन ‘पीप’ करतं, पावती निघते. ग्राहक निघून गेला. दुकानदाराच्या खात्यात दुसऱ्या दिवशी किती पैसे येतील?

त्या फोनमध्ये रुपे डेबिट कार्ड असेल तर पूर्ण ४,०००, कारण १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिटवर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं डेबिट असेल, तर रिझर्व्ह बँकेनं २०१८ पासून लागू केलेल्या कमाल दरांनी हिशेब होतो. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या दुकानाला मशीनवर ०.४० टक्के, म्हणजे १६ रुपये. त्याहून मोठ्या दुकानाला ०.९० टक्के, म्हणजे ३६ रुपये. आणि क्रेडिट कार्ड असेल तर? त्यावर आपल्याकडे सरकारी कमाल मर्यादाच नाही. बँक आणि दुकानदार यांच्यात जे ठरेल ते. दोन टक्क्यांच्या आसपास दर सर्रास दिसतो. म्हणजे ८० रुपये. व्यवहार २,००० रुपयांच्या वरचा असल्यानं या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, १४ रुपये ४० पैसे. दुकानदार नियमित जीएसटीत असेल तर हा कर त्याला वळता करून मिळतो. कंपोझिशन योजनेत असेल तर तोही त्याच्याच अंगावर. एकूण ९४ रुपये ४० पैसे. ४०० रुपयांच्या नफ्यातला जवळजवळ चौथा हिस्सा त्या एका ‘पीप’मध्ये गेला.

टॅप तोच, मशीन तेच, रक्कम तीच. फोन टेकवण्याचे वेगळे पैसे दुकानदाराकडून कोणी घेत नाही. टेकवलं, खुपसलं किंवा घासलं, दर कार्डाच्या जातीवर ठरतो. ॲपलनं अमेरिकेत आपला वाटा मागितला तोही कार्ड देणाऱ्या बँकांकडे, क्रेडिट व्यवहाराच्या ०.१५ टक्के असल्याचं तेव्हा वृत्तपत्रांत आलं होतं. ‘मोबाइलवाल्यांचं कमिशन जास्त’ अशी तक्रार काउंटरवर ऐकू येते. तिचा रोख चुकलेला आहे.

मग ते ८० रुपये जातात कुठे? या व्यवहारात दुकानदार आणि ग्राहक सोडून तिघे आहेत: ग्राहकाला कार्ड देणारी बँक, दुकानात मशीन बसवणारी बँक किंवा कंपनी, आणि दोघींमधला निरोप्या, म्हणजे व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे. दुकानदाराकडून कापलेल्या पैशाला एमडीआर म्हणतात. त्याचा सगळ्यात मोठा लचका कार्ड देणारी बँक घेते. या हिश्शाला इंटरचेंज असं नाव आहे. नेटवर्कचा वाटा त्या मानानं किरकोळ, आणि उरलेलं मशीनवाल्याचं. कार्ड देणाऱ्या बँकेचं म्हणणं असं की क्रेडिट कार्डावर ती पंचेचाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी पैसे वापरायला देते, बुडवणाऱ्यांचा धोका पत्करते, फसवणुकीचा निस्तार करते. खरं आहे. पण त्याच पैशातून विमानतळावरचा लाउंज, सिनेमाची तिकिटं आणि रिवॉर्ड पॉइंटही येतात. ग्राहक ज्याला ‘कार्डावरचा फायदा’ म्हणतो, त्यातला बराचसा त्याच किराणावाल्याच्या गल्ल्यातून बँकेमार्गे फिरून आलेला असतो. रोख पैसे देणारी कामवाली मावशी त्याच भावानं साखर घेते आणि तिच्या वाट्याला पॉइंट येत नाहीत. मला यातली ही बाजू सर्वांत खटकते, आणि तिच्यावर सगळ्यांत कमी बोललं जातं.

सराफाच्या किंवा टीव्ही-फ्रिजच्या दुकानात ‘क्रेडिट कार्ड असेल तर दोन टक्के वरून पडतील’ असं तोंडावर सांगितलं जातं. डेबिट कार्डावर असं जादा घेऊ नये, हे बघण्याची जबाबदारी रिझर्व्ह बँकेनं बँकांवर टाकलेली आहे. क्रेडिटच्या बाबतीत सराफ निदान हिशेब उघड सांगतो. किराणावाला तो सगळ्यांच्या भावात विरघळवतो. युरोपीय संघानं २०१५ मध्ये इंटरचेंजवरच टाच आणली: घरगुती ग्राहकांच्या डेबिट कार्डावर ०.२ आणि क्रेडिटवर ०.३ टक्के, त्याहून जास्त नाही. अमेरिकेनं २०११ पासून मोठ्या बँकांच्या डेबिटला बांध घातला, क्रेडिट मोकळं सोडलं. आपणही डेबिट बांधलं आणि क्रेडिटला हात लावला नाही.

आपल्याकडे फोननं पैसे देणं म्हणजे बहुतेकांच्या मनात टॅप नसतोच. ‘स्कॅनर कुठाय?’ असं विचारतात आणि भिंतीवरच्या कागदाकडे फोन धरतात. (स्कॅनर खरं तर हातातला फोन आहे, पण हा शब्द आता कागदालाच चिकटला.) क्यूआर हा चौकोन जपानमध्ये १९९४ मध्ये डेन्सो कंपनीत मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला निघाला. भाजीवाल्याच्या गाडीवरच्या चौकोनात त्याचा यूपीआय पत्ता आणि नाव, एवढंच असतं. कार्डाचं मशीन काही हजारांचं आणि त्याला महिन्याचं भाडं, तर हा कागद छापायला काही पैसे. एनएफसी आपल्याकडे मागे पडलं त्याचं पहिलं कारण हेच.

ग्राहक स्कॅन करून पिन टाकतो, तेव्हा त्याचं ॲप आपल्या भागीदार बँकेमार्फत एनपीसीआय या मध्यवर्ती संस्थेला सांगतं. ती ग्राहकाच्या बँकेला रक्कम वजा करायला लावते, दुकानदाराच्या बँकेला जमा करायला सांगते आणि दोघांना निरोप देते. बँकांचा आपसातला हिशेब नंतर, ठरावीक वेळांना, रिझर्व्ह बँकेतल्या खात्यांवर मिटतो. इथे उधारी नाही, खात्यातून खात्यात पैसे जातात. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेनं ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात २,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. आणि या व्यवहारांवर २०२० पासून दुकानदाराला शुल्क शून्य.

शून्य दर म्हणजे शून्य खर्च नव्हे, हे रिझर्व्ह बँकेनंच ऑगस्ट २०२२ च्या चर्चापत्रात आकडा देऊन मांडलं. दुकानातल्या सरासरी ८०० रुपयांच्या यूपीआय व्यवहारामागे सगळ्यांचा मिळून अंदाजे २ रुपये खर्च होतो. म्हणजे ०.२५ टक्के. पत्र येताच शुल्क लागणार म्हणून ओरड झाली, आणि अर्थ मंत्रालयानं चार दिवसांत असा विचार नसल्याचा खुलासा केला. जून २०२५ मध्ये पुन्हा अफवा, पुन्हा खुलासा. शुल्काऐवजी सरकार बँकांना प्रोत्साहन निधी देतं. २०२४-२५ साठी १,५०० कोटी रुपये, तेही फक्त छोट्या दुकानदारांच्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारांवर, ०.१५ टक्क्यांनी. ८०० रुपयांच्या त्याच व्यवहाराला हा दर लावला तर १ रुपया २० पैसे. उरलेले ८० पैसे बँका आणि ॲप सोसतात. मोठ्या मॉलमधल्या यूपीआयला तर हा आधारही नाही. तिथे शून्य कशासाठी, याचं पटणारं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. क्रेडिट कार्डाचे दोन टक्के निमूट देणाऱ्या दुकानसाखळीला यूपीआयचा पाव टक्का जड जाणार नाही.

ॲपवाले ही खोट दुसरीकडून भरून काढतात. त्यांची दुकानातली खरी वस्तू म्हणजे साउंडबॉक्स, पैसे आल्याचं बोलून सांगणारा डबा. तो का लागतो हे दुकानात तासभर उभं राहिलं की कळतं: हात पिठात किंवा तराजूत, समोर सहा गिऱ्हाईकं, आणि एक जण लांबून फोन दाखवतो, ‘केले बरं का’. खोट्या पावतीचे स्क्रीनशॉट तयार करून देणारी ॲप निघालीच आहेत, आणि रात्रीतून भिंतीवरच्या क्यूआरवर आपला क्यूआर चिकटवून जाणारेही भेटतात. डबा बोलला तर पैसे आले, नाही बोलला तर नाही आले. डब्यात स्वतःचं सिम असतं, तो मराठीतही बोलतो, आणि त्याचं भाडं महिन्याला शंभर-सव्वाशे रुपये. हे भाडं छोट्याला किती पडतं बघा. वडापावच्या गाडीवर महिन्याला क्यूआरवरून ३०,००० रुपये आले आणि भाडं १२० रुपये असलं, तर ते ०.४० टक्के झालं. छोट्या दुकानाच्या डेबिट कार्डाचा कमालदर नेमका तेवढाच आहे. एमडीआर गेला आणि डब्याच्या रूपानं गाडीवर परत येऊन बसला. फरक एवढाच की दहा लाखांचा धंदा करणाऱ्यालाही भाडं १२० रुपयेच, त्यामुळे झळ गाडीवाल्याला जास्त.

डब्यामागोमाग कर्जही येतं. कंपनीला रोजची विक्री दिसत असते, त्यामुळे तारण न मागता ती लाख-दीड लाख देऊ करते आणि हप्ता रोजच्या जमेतून आपोआप कापते. बँकेत ताटकळणाऱ्या दुकानदाराला ही सोय मोलाची वाटते, आणि व्याजाचा वार्षिक दर तो क्वचितच विचारतो.

शून्याला दुसरीकडूनही भेगा पडत आहेत. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. छोट्या दुकानाला २,००० रुपयांपर्यंत काही लागत नाही, त्यापलीकडे मात्र कार्डासारखं शुल्क. एप्रिल २०२३ पासून वॉलेटमधून यूपीआयनं आलेल्या २,००० च्या वरच्या रकमांवर १.१ टक्क्यांपर्यंत इंटरचेंज आहे. म्हणजे एकच चौकोन, एकच डबा, ‘रुपये मिळाले’ हाच आवाज, आणि मागे बचत खातं आहे, वॉलेट आहे की उधारी, यावर हिशेब बदलतो. टॅपची जी गत तीच स्कॅनची. डबा हा फरक उच्चारत नाही. तो महिन्याच्या विवरणपत्रात बारीक अक्षरात असतो.

पैशात न मोजता येणारी किंमतही आहे. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागानं यूपीआयच्या नोंदी बघून हजारो छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या. मालाच्या विक्रीसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाखांची आहे आणि यांच्या खात्यांत त्याहून जास्त रक्कम जमा दिसत होती. त्यात दूध-भाजीसारख्या करमुक्त मालाचे पैसेही धरल्याची व्यापाऱ्यांची तक्रार होती. बेंगळुरूतल्या चहाच्या टपऱ्यांनी आणि बेकऱ्यांनी क्यूआर काढून ‘फक्त रोख’ अशा पाट्या लावल्या. नोंद दिसणं हा त्यांच्या दृष्टीनं दोन टक्क्यांहून महागडा दर होता.

याच नोंदीचा उलटा फायदाही आयकरात आहे आणि तो दुकानदारांना कोणी फारसा समजावून सांगत नाही. छोट्या व्यापाऱ्यांच्या अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत रोख विक्रीच्या ८ टक्के उत्पन्न धरतात, बँकेमार्गे आलेल्या विक्रीच्या ६ टक्के. वर्षाला दोन कोटींची विक्री आणि दुसरं कुठलंच उत्पन्न नसलेला एकमालकी दुकानदार घ्या. सगळं रोख असेल तर त्याचं उत्पन्न १६ लाख धरलं जाईल, आणि २०२५-२६ च्या नव्या कररचनेत सेससह १,२४,८०० रुपये कर बसेल. सगळं बँकेमार्गे असेल तर उत्पन्न १२ लाख आणि कर शून्य. ही विक्री बचत खात्यांतून यूपीआयनं आली तर सगळी बचत त्याची. पण त्यातले ६२ लाख ४० हजार रुपये दोन टक्के दराच्या क्रेडिट कार्डांवर आले, तर एमडीआरच १,२४,८०० रुपये होतो, आणि या योजनेत त्याची वेगळी वजावट मिळत नाही.